इंजिन डाउन नव्हतं, तीन नंबरचा व्हॉल्व्ह जळला होता

जुन्या गाडीचा मीटर बघितला की बहुतेक गॅरेजमध्ये निदान तिथेच होऊन जातं. आमची अँबेसेडर १९८४ची, मार्क फोर, १४८९ सीसी पेट्रोल, बाबांनी नवी घेतलेली आणि तेव्हापासून इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घरासमोरच उभी राहते. तिचा मीटर पाच आकडी आहे, म्हणजे ९९,९९९ झाले की परत शून्य, आणि तो दोनदा शून्यावर येऊन गेलाय. एवढं सांगितलं की समोरचा बॉनेट उघडायच्या आधीच म्हणतो, "मैडम, इंजन डाउन है, बोर करना पड़ेगा." बोर करणं म्हणजे झिजलेले सिलिंडर आतून खरवडून रुंद करणं आणि मोठे पिस्टन घालणं. यावेळी पण तेच झालं. मी बोर करू दिलं नाही आणि फार बरं झालं करू दिलं नाही ते. का नाही दिलं आणि खरा आजार कसा सापडला ते सगळं सविस्तर लिहून ठेवतेय, कारण ज्यांच्याकडे अजून अँबेसेडर किंवा पद्मिनी आहे त्यांना हे वाक्य कधी ना कधी ऐकावं लागणारच.

तर झालं असं की आम्ही ओंकारेश्वरहून परत येत होतो, खंडवा रोडने. सिमरोलच्या अलीकडे घाट चढायचा असतो, तिथे गाडी नेहमी थर्डमध्ये निघते, यावेळी सेकंड टाकावा लागला आणि तरी ओढत नव्हती. वर आल्यावर गाडी बाजूला घेतली तर आयडलला इंजिन थरथरतंय. थरथर पण कशी, अगदी तालात. मी मागे जाऊन सायलेन्सरच्या तोंडापासून थोडा लांब तळहात धरला तर तीन धक्के व्यवस्थित आणि चौथा फुसका, परत तीन व्यवस्थित, परत एक फुसका. हे फार महत्त्वाचं असतं आणि कुणीही करून बघू शकतं. मिसिंग, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल न पेटणं, जर कसंही कधीही होत असेल तर दोष बहुतेक चारही सिलिंडरांना लागणाऱ्या गोष्टीत असतो, म्हणजे पॉईंट, कॉईल (ठिणगीचा करंट यांच्यातून येतो), कार्बोरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळणारा), पेट्रोल. मिसिंग तालात असेल तर एकच सिलिंडर आळशी झालाय, आणि शोध त्या एकाच सिलिंडरपासून सुरू करायचा.

आमचे नेहमीचे उस्ताद गावाला गेले होते म्हणून गाडी दुसऱ्या एका गॅरेजमध्ये दाखवली. नाव लिहीत नाही. त्याने प्लग, पॉईंट, कंडेन्सर सगळं नवं टाकलं, फरक पडला नाही, मग थंड इंजिनवर एकेकच प्लग काढून कॉम्प्रेशन गेज, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजणारा, लावला, ॲक्सिलरेटर कुणी दाबलेला नाही, बॅटरी दोन दिवस नुसती स्टार्टर मारून मारून दमलेली, आणि रीडिंग आलं ते चारही सिलिंडरांचं ऐंशी पीएसआयच्या खाली. लगेच बोर-पिस्टन, रिंग, बेअरिंग असा पंचेचाळीस हजारांचा अंदाज हातात.

पैशांचं एक वेळ बाजूला ठेवू. पण बोर ही काही परत परत करता येण्यासारखी गोष्ट नाही हो. या इंजिनाला ओव्हरसाईज पिस्टन मिळतात ते दहा, वीस, तीस आणि चाळीस थाऊचे, थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. आमचा ब्लॉक, म्हणजे ज्यात सिलिंडर असतात तो इंजिनाचा मुख्य भाग, बाबांनी फार वर्षांपूर्वी एकदा तीस थाऊ करून घेतलाय. म्हणजे आता एकच बोर शिल्लक, त्यानंतर स्लीव्ह (सिलिंडरमध्ये बसवायची नवी नळी) नाहीतर दुसरा ब्लॉक शोधा, आणि हिंदमोटरचा कारखाना २०१४ मध्ये बंद झालाय. गरज नसताना बोर करणं म्हणजे ब्लॉकचं उरलेलं आयुष्य खरवडून फेकून देणं, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण असे कितीतरी ब्लॉक नुसत्या अंदाजावर संपवलेले आहेत.

गाडी घरी आणली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. माझा क्रम ठरलेला आहे, आधी करंट, मग पेट्रोल, मग हवा, आणि सगळ्यात शेवटी इंजिनाच्या पोटातलं. कारण वरचं तपासायला पाना, टेस्ट लँप आणि एक दुपार लागते, आतलं तपासायचं म्हणजे हेड, सिलिंडरांवरचं झाकण, उतरवा.

करंटचं आधी. आयडलवर एकेक प्लगची वायर इन्सुलेटेड पकडीने काढायची आणि आवाज ऐकायचा. ज्या सिलिंडरची वायर काढल्यावर इंजिन अजून खाली बसतं तो सिलिंडर काम करतोय, ज्याची काढल्यावर काहीच फरक पडत नाही तो आळशी. एक, दोन, चार काढले की इंजिन बसायचं, तीनची काढली तर काही नाही. मग तीनचा प्लग काढून दोनला लावला, दोनचा तीनला, वायरींची पण अदलाबदल केली, तरी आळशी तीनच. म्हणजे दोष प्लगमध्ये नाही आणि वायरमध्ये पण नाही. डेल्कोचं, म्हणजे प्लगांना पाळीने करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं, झाकण काढून आतून टॉर्चने बघितलं, कारण कॅपला केसाएवढी काळी चीर गेली की करंट तिथूनच पळतो आणि ती चीर दिवसा उजेडात दिसत नाही. तीपण नव्हती. पॉईंटचा गॅप चौदा ते सोळा थाऊ असायला हवा, फीलर गेजला पंधरा बरोबर निघाले. पॉईंटच्या तोंडावर एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला उंचवटा असेल तर कंडेन्सरवर संशय घ्यायचा. कंडेन्सरचा आजार विशेषतः असा की थंडीत सगळं छान, इंजिन गरम झालं की फटफट सुरू, आणि हल्ली बाजारात मिळणारे नवे कंडेन्सर डब्यातूनच खराब निघतात म्हणून जुना चालू कंडेन्सर मी कधी फेकत नाही. पण कंडेन्सर गेला की चारही सिलिंडर त्रास देतात, एकटा तीन नाही.

मग पेट्रोल. अँबेसेडरमध्ये इनटेक (हवा-पेट्रोल आत जायची वाट) आणि एक्झॉस्ट (धूर बाहेर पडायची) दोन्ही इंजिनाच्या एकाच बाजूला आहेत, कार्बोरेटर जवळजवळ एक्झॉस्टच्या डोक्यावर, त्यामुळे मे महिन्यात आपल्याकडे पाईपातल्या पाईपात पेट्रोलची वाफ होते आणि पंप नुसता हवा ढकलत बसतो. पंपावर ओलं फडकं टाकलेली अँबेसेडर रस्त्याच्या कडेला उभी असलेली ज्यांनी पाहिली नाही असा आमच्या वयाचा माणूस मिळणं कठीण. त्याची खूण अशी की गाडी पळताना नीट असते, तुम्ही दहा मिनिटं कुठे थांबलात की इंजिनाची ऊब वर येते आणि परत निघताना त्रास सुरू होतो. आमचं तसं नव्हतं. तरी पाईप काढून बाटलीत सोडला (इंजिन गार असताना, आणि कृपा करून जवळ कुणी बिडी ओढत नाही ना ते बघून), स्टार्टर मारला तर पेट्रोल दमदार उडत होतं. एक मात्र आता सगळ्या जुन्या गाडीवाल्यांनी बघावंच. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्याने जुने रबरी पाईप आणि पंपाचा पडदा मऊ पडतो, टाकीतला वर्षानुवर्षांचा गंज सुटून कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या बारीक छिद्रात, येतो, आणि तेवढंच जेट ठेवलं तर मिक्स्चर पातळ जातं कारण इथेनॉलला जळायला हवा कमी लागते म्हणजे त्याच हवेला पेट्रोल जास्त द्यावं लागतं. मी पाईप सगळे बदलून घेतले आहेत आणि मेन जेट एक नंबर मोठा टाकलाय.

हवेसाठी व्हॅक्युम गेज, इंजिन हवा किती जोराने ओढतं ते दाखवणारा. हे शंभर वर्षं जुनं यंत्र आहे, स्वस्त आहे, आणि आपल्याकडे ते वापरणारे फार थोडे राहिले याची मला खंत आहे. इनटेक मॅनिफोल्डवर नळी लावायला मी एक जागा करून घेतलीय. पुस्तकात लिहिलेलं असतं की चांगल्या इंजिनाची सुई आयडलला पाऱ्याच्या १७ ते २१ इंचावर स्थिर राहते, पण ते समुद्रसपाटीचं झालं. इंदूर माळव्याच्या पठारावर साधारण ५५० मीटर म्हणजे अठराशे फुटांवर आहे आणि दर हजार फुटांना एक इंच कमी धरायचा, म्हणून आपल्याकडे १५ ते १९ बरोबर समजायचं. हे माहीत नसलं तर मुंबईच्या आकड्यांशी तुलना करून चांगल्या इंजिनाला आजारी ठरवलं जातं. सुई स्थिर पण खाली असेल तर टायमिंग लेट, म्हणजे ठिणगी उशिरा, नाहीतर कुठूनतरी हवा घेतंय, मग मॅनिफोल्डच्या गॅस्केटवर थोडं तेल सोडून बघायचं, सुई सावरली की तिथेच लीक. आमची सुई १६ वर उभी राहायची आणि दर थोड्या वेळाने एक झटका मारून चार इंच खाली यायची, लगेच परत वर. तोच सायलेन्सरच्या तोंडाशी हाताला लागलेला ताल. असा नेमाने येणारा झटका म्हणजे एक व्हॉल्व्ह, सिलिंडरच्या वाटेवरची झडप, नीट बंद होत नाहीये.

इथपर्यंत आल्यावर कॉम्प्रेशन, पण नीट पद्धतीने. इंजिन गरम. चारही प्लग बाहेर, म्हणजे स्टार्टरला ओझं नाही. कॉईलची वायर काढलेली. बॅटरी चार्ज करून. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायचा, कारण थ्रॉटल बंद असेल तर सिलिंडरमध्ये हवाच जात नाही मग दाबणार काय, त्या गॅरेजमध्ये सगळे आकडे ऐंशीच्या खाली आले त्यात या गोष्टीचा हात सगळ्यात मोठा. ॲक्सिलरेटर दाबायला बाबा बसले, वय ब्याऐंशी, पण पाय एकदा दाबला तो मी सांगेपर्यंत हलला नाही. प्रत्येक सिलिंडरला सुई पाच-सहा वेळा उडेपर्यंत स्टार्टर. आकडे आले ते असे, एकला ११८, दोनला ११४, तीनला ६८, चारला ११६.

या वयाच्या आणि या उंचीवरच्या इंजिनासाठी ११८ हा उत्तम आकडा आहे. सगळ्यात कमी सिलिंडर हा सगळ्यात जास्तच्या पाऊणपटीच्या खाली नसावा असा वर्कशॉपमधला नियम आहे, म्हणजे इथे ८८ पर्यंत चाललं असतं. ६८ नाही चालत. आता प्रश्न एवढाच की तीनमध्ये हवा जाते कुठून. प्लगच्या भोकातून प्रत्येक सिलिंडरमध्ये चहाचा एक चमचा इंजिन ऑईल घातलं आणि परत मोजलं. ऑईल पिस्टनभोवतीच्या रिंगांपाशी बसून तात्पुरती फट भरतं, म्हणून रिंग झिजल्या असतील तर आकडा चांगलाच वर उडतो. एक, दोन, चार हे दहा-अकराने वर गेले, तेवढं जातंच. तीन ६८ वरून ७१. म्हणजे रिंग नाहीत. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी आले असते तर मी त्या दोघांच्या मधलं हेड गॅस्केट धरलं असतं, पण दोनला ११४ होते.

तरी खात्री करायला अजून एक टेस्ट केली आणि हीच मला सगळ्यात आवडते, कारण इथे आकडा नसतो, इंजिन स्वतःच्या तोंडाने सांगतं. जुन्या प्लगमधली पोर्सेलिन काढून टाकून त्याला नळीचा निपल ब्रेझिंग करून घेतलाय, तो तीनमध्ये लावला. गाडी चौथ्या गियरमध्ये टाकून हळूहळू ढकलायची, इंजिन फिरतं, डेल्कोचा रोटर तीनच्या वायरसमोर आला आणि पिस्टन अगदी वर आला की थांबायचं, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात, हँडब्रेक ओढायचा. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याने त्याचा छोटा कॉम्प्रेसर आणून दिला. हवा सोडली आणि सगळे गप्प उभे राहिलो. ऑईलच्या झाकणाशी कान लावला, बारीक सुसाट, तेवढी असतेच, रिंगांतून थोडी जातेच. रेडिएटरचं झाकण काढलेलं, पाण्यात बुडबुडा नाही, म्हणजे गॅस्केट ठीक. कार्बोरेटरमधून काही नाही, म्हणजे इनटेक व्हॉल्व्ह ठीक. आणि मग बाबा मागून म्हणाले, "अगं इकडे ये, इथून येतेय." सायलेन्सरच्या तोंडातून सरळ फसफस येत होती. तोंडाशी कॅलेंडरचं पान धरलं तर ते मागे उडून लटकत राहिलं. तीन नंबरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. शंभर टक्के.

आता तोच का, हे समजून घेतल्याशिवाय हेड उघडण्यात अर्थ नव्हता, कारण नवा व्हॉल्व्ह पण वर्षभरात तसाच जळला असता. या इंजिनात एकचा आणि चारचा एक्झॉस्ट स्वतंत्र निघतो पण दोन आणि तीनचे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह शेजारी शेजारी आहेत आणि दोघांना मिळून बाहेर पडायला मधला एकच पोर्ट. सगळ्यात जास्त उष्णता तिथे. दुसरं म्हणजे हेड बिडाचं आहे आणि व्हॉल्व्ह बंद होताना टेकतो ती बैठक त्याच बिडात कापलेली, वेगळी कडक रिंग बसवलेली नाही. जुन्या पेट्रोलमध्ये शिसं असायचं, त्याचा पातळ थर या बैठकीवर बसायचा आणि तिला सांभाळायचा. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसं असलेलं पेट्रोल बंद झालं. ते व्हायलाच हवं होतं, लहान मुलांच्या रक्तात शिसं जात होतं, त्यात दुमत नाही. पण तेव्हापासून या बैठका उघड्या पडल्या. शहरात चाळीसच्या स्पीडने फिरणाऱ्या गाडीला विशेष काही होत नाही, पण ए. बी. रोड (आग्रा-मुंबई रस्ता) रुंद झाल्यावर आम्ही तिला तासन् तास ऐंशीने पळवायला लागलो, लग्नकार्याला पुण्यापर्यंत, आणि त्या उष्णतेत बैठक थोडी थोडी झिजून व्हॉल्व्ह हेडमध्ये आत आत बसत जातो.

आणि व्हॉल्व्ह आत गेला की त्याचं वरचं टोक रॉकरकडे, म्हणजे त्याला दाबणाऱ्या दांडीकडे, सरकतं, टॅपेटचा गॅप, म्हणजे त्या दोघांमधली फट, कमी होतो. लोकांना वाटतं टॅपेट वाजायला लागला म्हणजे इंजिन बिघडलं आणि आवाज बंद झाला म्हणजे सुधारलं. उलट आहे हो. टिकटिक करणारा टॅपेट निदान व्हॉल्व्हला बंद होऊ देतो. गॅप शून्य झाला की व्हॉल्व्ह बैठकीवर पूर्ण टेकतच नाही, आणि टेकल्याशिवाय त्याची उष्णता हेडमध्ये जात नाही, मग कडेचा एक भाग लाल होऊन जळायला लागतो. मागच्या दिवाळीनंतर आमचं इंजिन फार शांत झालं होतं, सगळे कौतुक करत होते.

टॅपेट मोजायची या इंजिनाची नऊची रीत आहे. पुढून आठ व्हॉल्व्ह मोजायचे, जो व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असेल त्याचा आकडा नऊमधून वजा करायचा, जो उरेल तो टॅपेट मोजायचा. तीनचा एक्झॉस्ट म्हणजे पाच नंबरचा व्हॉल्व्ह, म्हणून चार नंबरचा पूर्ण दाबलेला असताना पाचात फीलर घालायचा. हवा होता पंधरा थाऊ. माझ्या सेटमधली सगळ्यात पातळ पट्टी पण आत गेली नाही.

उस्ताद परत आल्यावर हेड त्यांच्यासोबत उतरवलं. पाच नंबरच्या व्हॉल्व्हच्या कडेला बोटाच्या नखाएवढा तुकडा खाल्ला गेला होता, कड पांढुरकी आणि चिरलेली, आणि त्याच्या समोर बैठकीतही तशीच खाच. बाकीचे तीन एक्झॉस्ट पण आत बसायला लागले होतेच. सिलिंडरच्या भिंती मात्र बघण्यासारख्या, वरच्या टोकाला नखाला अडणारी कड अगदी नाममात्र. उस्तादांनी बोट फिरवून एवढंच म्हटलं, "ये तो अभी चलेगा." चारही एक्झॉस्टला कडक सीट बसवून घेतल्या, व्हॉल्व्ह नवे, गाईड (व्हॉल्व्हची दांडी सरकते त्या नळ्या) चारांचे बदलले, इनटेकच्या बैठका नुसत्या घासून घेतल्या, हेड फेस, म्हणजे खालून सपाट, केलं. सगळं मिळून त्या पंचेचाळीस हजारांच्या एक तृतीयांशच्या आत.

बसवताना एक गोष्ट नवीन मेकॅनिक विसरतात म्हणून लिहिते. या इंजिनात रॉकरच्या स्टँडचे चार नट हे हेडचेच नट आहेत. म्हणून हेड मधून बाहेर या क्रमाने टप्प्याटप्प्याने टॉर्क रेंचने कसायचं आणि टॅपेट त्यानंतरच सेट करायचे. आधी टॅपेट आणि मग नट कसले तर सगळे गॅप बदलतात, आणि चार-पाचशे किलोमीटर झाल्यावर हेड परत कसलं की टॅपेट पण परत मोजावेच लागतात.

आता कॉम्प्रेशन १२२, ११९, १२१, १२०. व्हॅक्युमची सुई १७ वर उभी. ऑईल पूर्वीएवढंच खातेय, साधारण हजार किलोमीटरला अर्धा लिटर, आणि वयाच्या मानाने ते मला मान्य आहे, सकाळी स्टार्ट करताना येणारा निळा धूर मात्र गाईड बदलल्यामुळे गेला. सिमरोलचा घाट बाबांना शेजारी बसवून थर्डमध्ये चढून आले. हेड परत कसायची वेळ पुढच्या आठवड्यात येईल, तेव्हा चार आणि पाच नंबरचे टॅपेट आधी बघणार आहे, मग बाकीचे.